फोर्टनम अँड मेसन

लंडनमधील पिकॅडिली रस्त्यावरचे, चहा व उंची खाद्यपदार्थांसाठी नावाजलेले दुकान. स्थापना १७०७. नाव आज श्रीमंतीचे असले तरी सुरुवात उरल्यासुरल्यातून झाली. दुकानाच्या परंपरागत इतिहासानुसार विल्यम फोर्टनम हा राणी ॲनच्या महालात चाकरीला होता. राणीला रोज रात्री नव्या मेणबत्त्या लागत. आदल्या रात्रीच्या अर्धवट जळलेल्या मेणबत्त्या विकून त्याने चार पैसे गाठीला बांधले आणि ह्यू मेसन या आपल्या घरमालकाच्या भागीत वाणसामानाचे दुकान घातले. राजवाड्याशी नाते पुढेही टिकले. विल्यमचा नातू चार्ल्स राणी शार्लटच्या सेवेत होता. महालात काय खातात हे आतून ठाऊक असलेला वाणी बाहेरच्या धनिकांना हवाच होता.

या दुकानाची खरी कामगिरी मात्र प्रवासातल्या खाण्यात आहे. पिकॅडिलीवरून पश्चिमेकडे घोडागाड्या सुटत आणि वाटेतल्या खाणावळींचा भरवसा नसे. हातात धरून खाता येईल, सांडणार नाही, दोन दिवस टिकेल असा जिन्नस विकणे हा म्हणून चांगला धंदा होता. उकडलेल्या अंड्याभोवती खिमा थापून तळलेले ‘स्कॉच एग’ आपण १७३८ मध्ये अशा प्रवाशांसाठीच काढले, असे दुकान सांगते. हा दावा सर्वमान्य नाही. आपल्याकडच्या नर्गिसी कोफ्त्याशी त्याचे साम्य इतके उघड आहे की पदार्थ हिंदुस्थानातून तिकडे गेला असावा, असेही काही अभ्यासक मानतात.

वेताच्या करंडीत खाद्यपदार्थ बांधून पाठवण्याची प्रथा इथूनच बहरली. या करंडीला ‘हँपर’ म्हणतात. परदेशातल्या मुलांना दिवाळीचा फराळ बांधून पाठवणाऱ्या घरांना तिचे मर्म सांगायला नको. नेपोलियनविरुद्धच्या युद्धांत अधिकाऱ्यांना इथून माल जाई. क्रिमियन युद्धात व्हिक्टोरिया राणीने फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या रुग्णालयासाठी गोमांसाचा आटवलेला अर्क इथूनच पाठवला. डर्बीच्या शर्यतीला या करंड्या इतक्या दिसत की डिकन्सलाही त्यांची दखल घ्यावी लागली. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेच्या शिध्यात फ्वा ग्रा (सक्तीने चारून फुगवलेले बदक-हंसांचे यकृत) भरलेल्या लावा पक्ष्यांचे डबे आणि शँपेन होती. एवढ्या उंचीवर शँपेन कोणाला सोसणार होती, हा प्रश्न वेगळा. टिकाऊ मालावरच्या याच भरामुळे १८८६ मध्ये अमेरिकेतून नमुन्याच्या पेट्या घेऊन आलेल्या हेन्री हाइन्झचा सगळा माल दुकानाने उचलला. पुढे घरोघरी पोचलेला डबाबंद माल ब्रिटनमध्ये शिरला तो असा उंची दुकानाच्या दारातून.

इमारतीच्या दर्शनी भागावरील घड्याळ १९६४ चे आहे. दर तासाला फोर्टनम व मेसन यांचे पुतळे बाहेर येऊन एकमेकांना लवून अभिवादन करतात. हे घड्याळ १९५१ मध्ये दुकान विकत घेणारे कॅनडियन उद्योगपती गारफील्ड वेस्टन यांनी बसवून घेतले. दुकान आजही वेस्टन कुटुंबाच्याच हाती आहे.

आत शिरल्यावर तळमजल्यावर चहा, बिस्किटे, चॉकलेट, मध आणि मुरंबे. खाली तळघरात चीज, मांस, वाइन. वरच्या मजल्यांवर भांडीकुंडी व उपाहारगृहे. सुटा चहा मोठ्या डब्यांतून वजन करून देतात, आणि गिऱ्हाइकाने सर्वांत जास्त वेळ द्यावा तो इथे. आसाम, दार्जिलिंग, श्रीलंका यांच्या बागांची नावे इथे वाइनच्या गावांसारखी घेतली जातात. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डसाठी तयार केलेले ‘रॉयल ब्लेंड’ हे आसाम व श्रीलंकेच्या चहांचे मिश्रण असून दुधाबरोबर ते चांगले लागते. म्हणजे आपल्या जिभेला परके नाही. चिनी मातीच्या बरणीतले स्टिल्टन चीज आणि चावी दिल्यावर सूर वाजवणारा बिस्किटांचा डबा या भेटीदाखल हमखास खपणाऱ्या वस्तू. बिस्किटे संपली तरी डबा उरतो आणि किमतीचा बराच भाग दुकानाच्या फिक्या निळसर-हिरव्या वेष्टनाचाच असतो, हे घेणाऱ्यालाही कळत असते. आठवड्याचा भाजीपाला घेण्याची ही जागा नव्हे. २००८ पासून गच्चीवर मधमाश्या पाळल्या असून त्यांचा मधही विकला जातो.

अलीकडच्या शाखांपैकी एक सेंट पँक्रस रेल्वे स्थानकावर (२०१३) आणि दुसरी हीथ्रो विमानतळावर आहे. घोडागाड्या गेल्या, प्रवासी गिऱ्हाईक गेले नाही. हाँगकाँगमध्येही दुकान निघाले. प्राणिहक्कवाद्यांच्या दीर्घ विरोधानंतर २०२१ मध्ये फ्वा ग्राची विक्री बंद करण्यात आली.