विमानाच्या खिडकींतलें इंद्रवज्र

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ह्या टापूला विमान नवें नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत इंग्रज सरकारनें मलंगगडाच्या बाजूस नेवाळी येथें धांवपट्टी केली. ती पुढें ओस पडली, तरी तिच्या जमिनीसाठीं शेतकऱ्यांचा झगडा २०१७ सालींहि पेटला होता. त्या वेळच्या माणसांनीं विमानाचा आवाज खालून ऐकला. त्यांचीं नातवंडें तो आंत बसून ऐकतात आणि दचकतात.

उड्डाणानंतर एंजिनांचा सूर एकाएकी उतरतो व विमान खालीं चाललें असें वाटतें. वास्तविक आरंभीं लावलेला जोर वैमानिकानें कमी केलेला असतो, इतकेंच. उतरण्यापूर्वीं पायांखालीं धडाड असा आवाज होतो, तो बाहेर निघणाऱ्या चाकांचा. एअरबस ए ३२० जातीच्या विमानांत जमिनीवर असतांनाच कुत्रें भुंकावें तसा ध्वनि ऐकूं येतो; एका बाजूच्या तेलाच्या दाबानें दुसरीकडील दाब भरून काढणारें तें यंत्र होय. कानांचें समाधान एवढ्यानें होतें. डोळ्यांचें प्रकरण मात्र जुनें आहे.

सह्याद्रीवर ढगांचा थर पसरलेला असतां सूर्याच्या उलट बाजूच्या खिडकींतून खालीं पाहावें, असें आम्ही सुचवूं. ढगांवर विमानाची सावली धांवत असते आणि तिच्याभोंवतीं रंगीत कडें दिसतें, तांबडा रंग बाहेरच्या अंगास. आपल्याकडे ह्याला इंद्रवज्र म्हणतात. कर्नल साईक्स ह्यानें तें हरिश्चंद्रगडाच्या कड्यावरून पाहिलें. कोंकणांतून वर आलेल्या धुक्यावर पूर्ण वर्तुळ, आणि मध्यें स्वतःची, घोड्याची व बरोबरच्या माणसांची छाया, असें वर्णन त्यानें दख्खनच्या हवामानावरील निबंधांत केलें. साईक्सनें १८३५ सालीं इंद्रवज्र पाहिलें, असें आमचे लेखक एकमेकांचें पाहून लिहितात. तें साल लंडनच्या रॉयल सोसायटीनें निबंध छापल्याचें आहे. साहेब त्यापूर्वींच विलायतेस परतला होता. गडावरच्या गुराख्यांनीं तें त्याच्याहि आधीं पाहिलें असेल, पण त्यांचा निबंध कोण छापणार?

हें इंद्रधनुष्य नव्हे. इंद्रधनुष्याची त्रिज्या सुमारें ४२ अंश असते; हें कडें फार लहान, कारण पावसाच्या मोठ्या थेंबांऐवजीं धुक्याचे सूक्ष्म कण येथें प्रकाश मागें फिरवितात. १८९४ सालीं स्कॉटलंडांत बेन नेव्हिस शिखरावर विल्सन ह्या शास्त्रज्ञानें असेंच कडें पाहिलें. तें प्रयोगशाळेंत उठविण्याच्या खटपटींतून त्याची मेघपेटी निघाली, आणि १९२७ सालीं तो नोबेल पारितोषिकाचा वांटेकरी झाला.

कड्याचें केंद्र नेहमीं पाहणाऱ्याच्याच सावलीवर असतें. म्हणून ढग जवळ असतां पंखामागें बसलेल्या बदलापूरकराला तें सावलींतील पंखामागें दिसेल आणि पुढच्या रांगेंतल्या अंबरनाथकराला विमानाच्या नाकापाशीं. दोघेहि आपापल्या जागीं खरें तेंच सांगत असतील.