तळटीप : वीजवाहक तारांचा ‘थकवा’

मूळ मजकुरातील ‘थकवा’ ही संज्ञा वारंवार वाकण्याने धातूत सूक्ष्म चीर पडून ती वाढत जाण्याला उद्देशून आहे. उच्चदाब वाहिन्यांत हा थकवा वादळाने नव्हे, तर सेकंदाला १ ते ७ मीटर वेगाच्या संथ, एकसारख्या वाऱ्याने येतो, कारण असा वारा तार ओलांडताना तिच्या वरच्या व खालच्या अंगाने आळीपाळीने भोवरे सुटतात आणि तार वरखाली कंप पावू लागते. भारतातील ४०० केव्ही वाहिन्यांत रूढ असलेल्या, सुमारे ३२ मिमी जाडीच्या ‘मूस’ वाहकात, म्हणजे ७ पोलादी तारांभोवती ॲल्युमिनियमच्या ५४ तारांचा पीळ असलेल्या दोरात, ४ मीटरच्या वाऱ्याने सेकंदाला २३ च्या आसपास आवर्तने होतात. असा वारा दिवसभर टिकला तर ती वीस लाखांच्या घरात जातात. कंपनाचा आवाका तारेच्या जाडीहून सहसा मोठा नसल्याने जमिनीवरून काहीच जाणवत नाही. मनोऱ्यावरील पकडीत मात्र पेड एकमेकांवर घासून काळी भुकटी जमते आणि, तपासनिसाच्या दृष्टीने दुर्दैव असे की, पुष्कळदा आतल्या थरातील तार आधी तुटते. पकडीजवळ टांगलेले डंबेलसारखे स्टॉकब्रिज डॅम्पर, जे कॅलिफोर्नियातील अभियंता जॉर्ज स्टॉकब्रिज यांनी १९२० च्या दशकात योजिले, ही कंपनऊर्जा आपल्या आखूड पोलादी दोरीच्या पेडांमधील घर्षणात जिरवतात.