शाळा मुलाच्या दारी

आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडून वसतिगृहात ठेवले, त्यांच्या बोलीवर बंदी घातली, याबद्दल कॅनडाच्या पंतप्रधानांनी २००८ साली जाहीर माफी मागितली. आपल्या आश्रमशाळांमागे तसा हेतू नव्हता. तिथे शिकून कितीतरी मुले मास्तर झाली. तरीही घरची बोली दाराबाहेरच राहिली. शिवाय तिथल्या बालमृत्यूंबद्दल डॉ. सुभाष साळुंखे समितीला २०१६ साली अहवाल द्यावा लागला. तेव्हा हा हिशेब आपल्यालाही चुकत नाही.

मात्र दुसरी वाटही होती, आणि ती निघाली मुंबईतल्या दादरहून. तिथे १९३६ साली शिशुविहार काढणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ साली ठाणे जिल्ह्यात बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तर बायांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात मांडली! पुढे १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारल्यांची मुले गुरे राखीत. म्हणून शाळाच कुरणात भरू लागली. मूल घरचेच राहिले, आणि शिकलेही.

उद्या हजेरीपटावर गैरहजर मुलापुढे फुली मारण्याआधी एकदा त्याच्या अंगणात जाऊन या. एवढीच विनंती.