मुठीत मावणारा रंधा

सुतारकामाच्या खोलीची जुळवाजुळव सुरू झाली की कामाचे बाक, शिकंजे, करवती आणि लांब रंधे यांची यादी प्रथम होते. मुठीत मावणारा लहान रंधा बहुधा तिच्या तळाशी येतो, तोही ‘एक नग’ एवढ्याच उल्लेखाने. वस्तुतः कारागिराच्या हाताला दिवसभरात सर्वाधिक वेळा लागणारे अवजार तेच. फळीची तीक्ष्ण कड मारणे, दाराची पट्टी केसभर कमी करणे, सांध्यातून वर डोकावणारे टोक सपाट करणे ही सारी कामे त्याची. एवढ्याशा अवजाराची निवड कशी करावी, या प्रश्नामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि शाळेत हाताचे काम शिकवावे की नाही, हा त्याहून मोठा वादही त्यात गुंतलेला आहे.

रंधा तसा फार जुना. व्हेसुव्हियसच्या इ. स. ७९ मधील उद्रेकात गाडल्या गेलेल्या पॉम्पेई नगरात रोमन सुतारांचे रंधे सापडले आहेत, आणि त्यांची मूळ रचना आजच्या कारागिरालाही परकी वाटणार नाही. मराठीतील ‘रंधा’ हा शब्द फारसी ‘रंदा’चे रूप होय. इराणमध्ये आजही ‘रंदा’ म्हणजे सुताराचे अवजार आणि स्वयंपाकघरातील किसणी, असे दोन्ही अर्थ आहेत. ही सांगड अवजाराचे काम एका शब्दात सांगून जाते. शतकानुशतके रंधा म्हणजे लाकडी ठोकळा, त्यात तिरपे बसवलेले पोलादी पाते आणि ते घट्ट धरणारी पाचर. पाते किती बाहेर काढायचे हे हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी ठरे. ठोका पुढून, मागून की बाजूने, हे शिकायलाच शागिर्दाची काही वर्षे जात.

हा ठोक्यांचा काळ संपवण्याचे श्रेय प्रामुख्याने अमेरिकेतील लेनर्ड बेली या कारागिराकडे जाते. ओतीव लोखंडाचा रंधा त्याच्या आधीही होता. हेझर्ड नोल्स याने १८२७ मध्येच त्याचे पेटंट घेतले होते. पण पाते स्क्रूने मागेपुढे सरकवता येईल अशी भरवशाची योजना बेलीने १८५०-६० च्या दशकांत सिद्ध केली. १८६९ मध्ये कनेक्टिकट राज्यातील न्यू ब्रिटन येथील स्टॅन्ले रूल अँड लेव्हल कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले. पुढे त्या दोघांचे बिनसले. परंतु बेलीचे नाव आणि त्याची योजना त्या कारखान्याच्या रंध्यांवर टिकून राहिली.

१८७० च्या दशकाच्या आरंभी याच कारखान्याने ‘नऊ-पूर्णांक-एक-द्वितीयांश’ या चमत्कारिक क्रमांकाचा लहान रंधा बाजारात आणला. लांबी सुमारे सहा इंच. पाते सरकवायला मागे स्क्रू, आणि तळाचे तोंड अरुंद-रुंद करण्याचीही सोय. त्याच दशकात आलेल्या ११० क्रमांकाच्या रंध्यात मात्र यांपैकी काहीच नव्हते. लांबी सुमारे सात इंच, पात्यावर एक टोपण, ते आवळायला एक चाक. पाते जुळवायचे ते बोटांनी आणि हलक्या ठोक्यांनीच. तो स्वस्त होता आणि म्हणून अफाट खपला. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर साठ-पूर्णांक-एक-द्वितीयांश हा तिसरा भाऊ आला, ज्याचे पाते अधिक आडवे निजलेले होते. पुढील शंभर वर्षे जगभरातील कारखान्यांनी लहान रंधे घडवले ते बहुतांशी या तिघांच्याच वळणावर.

या तिघांत निवड करताना पात्याचा कोन समजून घ्यावा लागतो. मोठ्या रंध्यात पाते साधारण ४५ अंशांत उभे असते आणि त्याच्या धारेचा उतार खाली असतो. लहान रंध्यात उलट मांडणी: पाते २० अंशांत आडवे, उतार वर. उतार २५ अंशांचा असला तर लाकडाला भिडणारा एकूण कोन पुन्हा ४५ अंशच होतो. मग लाभ काय? पहिला असा की पात्याला अगदी धारेजवळपर्यंत आधार मिळतो. दुसरा लाभ अधिक महत्त्वाचा आहे. उतार वर असल्यामुळे धार कोणत्या कोनात लावली यावर कापण्याचा कोन ठरतो. साठ-पूर्णांक-एक-द्वितीयांशचे पाते १२ अंशांवर असते. २५ अंशांची धार लावली तर ३७ अंशांचा कोन मिळतो आणि फळीच्या टोकाकडील उभे तंतू स्वच्छ कापले जातात. तेच पाते ३८ अंशांत घासले की कोन ५० अंशांवर जातो, आणि उलटसुलट रेषांचे शिसवही फारसे न उपटता रंधले जाते. एक रंधा आणि दोन पाती एवढ्यावर दोन अवजारांचे काम भागते. मोठ्या रंध्यात ही मुभा नाही. तेथे धार कशीही लावली तरी कापण्याचा कोन पात्याच्या बैठकीनेच बांधलेला असतो.

तोंड अरुंद करण्याची सोय ही चैन समजली जाते; ते खरे नाही. धारेच्या अगदी पुढे तळाने लाकूड दाबून धरले की तंतू धारेआधी फाटत पळत नाहीत. खडबडीत कामासाठी तोंड उघडावे, शेवटच्या हातासाठी मिटावे.

तरीही शाळांच्या कार्यशाळांसाठी ११० सारखा साधा रंधा पुष्कळदा योग्य ठरे, याचे कारण केवळ किंमत नव्हते. त्यासाठी शाळेत सुतारकाम आले कसे, तिकडे वळावे लागते. फिनलंडमध्ये उनो सिग्नेअसच्या प्रेरणेने १८६६ मध्ये हस्तकाम शालेय शिक्षणाचा भाग झाले. स्वीडनमधील नेस येथे ओटो सालोमन यांनी १८७० च्या दशकापासून शिक्षकांना ‘स्लॉइड’ ही पद्धती शिकवली. मुलाच्या हाती प्रथम साधा चाकू द्यायचा, अवघड अवजारे क्रमाक्रमाने. आणि हेतू सुतार घडवण्याचा नव्हे, तर डोळा, हात व विचार यांना एकत्र वळण लावण्याचा. या दृष्टीने पाहता स्क्रूने आपोआप जुळणारा रंधा सोयीचा, पण पाते नजरेने पारखून ठोक्याने जुळवायला लावणारा रंधा अधिक शिकवणारा.

हे वारे हिंदुस्थानातही आले. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन स्थापन केले आणि त्याची धुरा प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे दिली. गज्जर हे आडनावच गुजरातेतील सुतार समाजाचे. धंदेशिक्षण देशी भाषेतून दिले तरच ते कारागिराच्या मुलापर्यंत पोहोचेल, हा त्यांचा आग्रह होता. महाराष्ट्राबाहेर मातृभाषेची शाळा चालवणाऱ्यांना तो आजही जवळचा वाटेल. शांतिनिकेतनचे लक्ष्मीश्वर सिंह १९२० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनला जाऊन स्लॉइड शिकून आले. आणि २२-२३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या शिक्षण परिषदेने हस्तोद्योग हा शिक्षणाचा कणा मानला. डॉ. झाकिर हुसेन समितीने त्यानंतर आखलेल्या योजनेत सूतकताई, शेती यांबरोबर सुतारकामालाही स्थान होते. नई तालीम पुढे मंदावली. पण १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ हा शब्द दिला आणि १९७७ च्या ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’. त्या तासांना रंध्यातून निघालेल्या सालपटांची वेणी करून वहीत जपणारी एक पिढी देशभरातील शाळांत होऊन गेली.

परदेशी पाठ्यक्रमात एक गोष्ट मात्र सुटली होती. पाश्चात्त्य सुतार बाकासमोर उभा राहून, कमरेच्या जोराने रंधा ढकलतो. आपला पारंपरिक सुतार जमिनीवर बसून पायाने लाकूड धरतो. लांब लोखंडी रंधा त्या बैठकीला जड जातो. लहान रंधा मात्र एका हातात चालतो आणि दुसरा हात लाकूड धरायला मोकळा राहतो. लहान मुलांच्या बाबतीतही हेच खरे. ओतीव लोखंडाचा दोष एवढाच की अवजार फरशीवर पडले तर चीर जाते; लाकडी रंधा खरचटतो, मोडत नाही. शाळेच्या खोलीत हा भेद हिशेबाच्या वहीत लवकरच दिसू लागतो.

आज या तिन्ही वळणांचे भारतीय बनावटीचे रंधे बाजारात मिळतात. एकच घ्यायचा असेल तर तोंड जुळवता येणारा, आडव्या पात्याचा घ्यावा. वर्गासाठी दहा घ्यायचे असतील तर आठ साधे आणि दोन स्क्रूचे पुरेत. पैसे उरले तर ते धार लावण्याच्या दगडांवर घालावेत, कारण बोथट पात्याचा महाग रंधाही लाकूड उपटतोच. दुकानातून आणलेल्या स्वस्त रंध्याचा तळ बहुधा पुरता सपाट नसतो. जाड काचेवर पॉलिशपेपर चिकटवून, पाते मागे ओढून पण टोपण आवळलेले ठेवून, तो तळ घासावा. पेन्सिलीने आधी मारलेल्या रेघा पुढच्या टोकाला, तोंडाजवळ आणि मागच्या टोकाला पुसल्या गेल्या की थांबावे; मधल्या खोलगट भागातील रेघा राहिल्या तरी चालतात.