परभणीच्या मतपत्रिकेंतील प्रमाण

मराठवाड्यांतील पदवीधर विधान परिषदेसाठीं मत देतात, तेव्हां उमेदवारांच्या नांवांपुढें त्यांस १, २, ३ असे पसंतीचे आंकडे लिहावयाचे असतात. परभणींतील पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांस ही रीत ठाऊक आहे. राज्यघटनेचें १७१ वें कलम तीस प्रमाणशीर प्रतिनिधित्व म्हणतें. तें नांव कितपत सार्थ आहे?

परभणी हैदराबाद राज्यांत असतां १९५२ सालीं पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. राज्याच्या विधानसभेंत काँग्रेसला शेंकडा ४२ मतांवर १७५ पैकीं ९३ जागा लाभल्या. देशभर समाजवादी पक्षास शेंकडा दहांहून अधिक मतें पडलीं, तरी लोकसभेच्या ४८९ जागांपैकीं त्याच्या वांट्यास अवघ्या १२ आल्या. उलट परभणीनें शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे यांस लोकसभेवर धाडलें. कारण लहान पक्षहि एका ठिकाणीं एकवटला कीं तरतो, विखुरला कीं बुडतो.

ही विषमता टाळण्यासाठीं युद्धोत्तर इटलीनें दुसरी वाट धरली होती. सिसिलीची प्रादेशिक सभा एप्रिल १९४७ मध्यें प्रमाणशीर पद्धतीनें निवडली गेली. कम्युनिस्ट व समाजवादी यांची आघाडी सर्वांत मोठी ठरली, पण शेंकडा तीस मतांवर तिला ९० पैकीं २९ च जागा मिळाल्या, आणि सरकार मात्र ख्रिस्ती लोकशाही पक्षाच्या अलेस्सी यांनीं बनविलें. वांटणी न्याय्य झाली. राज्य कोणी करावयाचें, हें मतपेटीबाहेर ठरलें.

आपल्या घटनासमितींत वऱ्हाडकडील काझी सय्यद करीमुद्दीन यांनीं १९४९ च्या जानेवारींत हीच पद्धत मागितली. डॉ. आंबेडकरांनीं ती नाकारली. बहुसंख्य मतदार निरक्षर आहेत आणि सरकार स्थिर हवें, हीं त्यांचीं कारणें. गंमत अशी कीं, स्वतः आंबेडकर १९४६ सालीं बंगालमधून त्या समितींत आले, ते याच संक्रमणीय मताच्या पद्धतीनें! अर्थात् तेथें मतदार विधिमंडळाचे सभासद होते, हें विसरतां कामा नये.

हैदराबाद राज्यांत वरिष्ठ सभागृह नव्हतें. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, आणि पसंतीचें मत परभणीकरांच्या हातीं पडलें. परंतु एका वेळीं दहा जागा भरावयाच्या असल्या, तर २८८ आमदारांपैकीं सत्तावीसांचा गट आपला एक माणूस निवडून आणूं शकतो. जागा एकच असली कीं निम्म्याहून अधिक मतें लागतात. दुसऱ्या पसंतीस कांहीं मोल राहतें, हें खरें. पण प्रमाण उरत नाहीं. निरक्षरतेचा आक्षेप ज्यांस मुळींच लागू नाहीं, त्या पदवीधरांस पद्धतीचें नांव मिळालें, फळ आमदारांस. मराठवाड्याच्या पदवीधर मतदारसंघांत आठ जिल्हे आहेत, आणि जागा एक.