चिल्ला आणि कांडी

इचलकरंजीत 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. गावाचा इतिहास तिथून सांगतात. कांड्या भरणाऱ्या बाईपासून कुणी सांगत नाही.

आपल्यात बाळंतिणीचा चिल्ला चाळीस दिवसांचा. नमाज माफ, रोजे पुढे. बाळ रात्री चारदा उठवते, म्हणून दिवसा तिने बाळाबरोबर निजावे, चूल दुसरीने सांभाळावी, ही त्यातली खरी सोय. कुराणाने याहून पुढची गोष्ट सांगितली. सूरह बकराच्या 233 व्या आयतीत दूध पाजण्याची पूर्ण मुदत दोन वर्षे आहे आणि त्या काळातल्या आईच्या अन्नवस्त्राचा भार बापावर आहे. मुलापायी आईला त्रास होऊ नये, हेही तिथेच.

कायदा फार उशिरा आला. 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात डॉ. आंबेडकरांनी प्रसूती-लाभ विधेयकाची बाजू मांडली, 1929 मध्ये कायदा झाला. पण तो ब्रिटिश मुलखाचा. इचलकरंजी कोल्हापूर संस्थानातली जहागीर. संस्थान विलीन झाले 1949 मध्ये. पुढे 1961 च्या कायद्याने प्रसूतीनंतर सहा आठवडे भरपगारी रजा आणि मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्ट्या दिल्या. मात्र त्या मागायच्या कुणाकडे? चार-सहा मागांच्या शेडमध्ये किंवा घरच्या सोप्यात कांड्या भरणारीचे नाव कुठल्या हजेरीपटावर असते? तिची मजुरी भरलेल्या कांड्यांवर. पाजायला उठली की तेवढी मजुरी बुडाली.

आणि ज्याच्यावर आयतीने भार टाकला, तो बाप बारा तासांच्या पाळीत मागावर उभा.