प्रेषितांची कृत्ये : ऐतिहासिक विश्वसनीयता

नव्या करारातील हा ग्रंथ परंपरेने लूकच्या नावावर असून त्याची पारख कोरीव लेख, जोसेफससारखे इतिहासकार आणि पौलाची पत्रे यांच्याशी ताडून केली जाते. थेस्सलनीकाच्या नगराधिकाऱ्यांसाठी त्यात आलेली ‘पोलितार्ख’ ही संज्ञा तेथील शिलालेखांत आढळते. पौलाला करिंथ येथे ज्याच्यापुढे उभे केले, त्या अखया प्रांताच्या गल्लियो या सुभेदाराचा काळ डेल्फीच्या लेखावरून इ. स. 51 च्या सुमाराचा ठरतो. स्थानिक तपशिलांत ग्रंथ असा भरवशाचा असला, तरी गमलिएलाच्या तोंडच्या भाषणात थुदासाचे बंड यहूदा गालीलकराच्या आधीचे मानले आहे आणि जोसेफस मात्र ते इ. स. 44 नंतरचे सांगतो. पौलाच्या यरुशलेमभेटींचा क्रमही गलतीकरांस लिहिलेल्या पत्राशी सहज जुळत नाही. तेथे पत्राचाच पुरावा, त्यातील वादाचा आवेश वजा करूनही, अधिक ग्राह्य ठरतो.